चाकाचे अति आवळलेले नट : कारणे, धोके व उपाय

खानदेशातील शेतीमाल बाजारपेठेपर्यंत पोहोचतो तो चाकांवरून. रावेर, यावल, चोपडा व मुक्ताईनगर या तालुक्यांतील केळीचे घड मळ्यातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून मुख्य रस्त्यावर येतात आणि तेथून मालमोटारीने उत्तरेकडील दूरच्या शहरांस रवाना होतात. शिरपूर व शिंदखेडा भागातील कापूस, साक्री व पिंपळनेर भागातील कांदा आणि दोंडाईच्याच्या बाजारात येणारी मिरची यांचीही वाट अशीच असते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळे येथे एकमेकांस मिळतात. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्याचा माल थोड्याच वेळात मोठ्या रस्त्याला लागतो. परंतु मळ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट काळ्या मातीची, खाचखळग्यांची व काट्याकुट्यांची असते. चाक पंक्चर होण्याचा प्रसंग येतो तो बहुधा याच वाटेवर.

चाक बदलणे हे तसे पाऊण तासाचे काम. पण पुष्कळदा असे आढळून येते की, हातात स्टेपनी आहे, जॅक आहे, पानाही आहे, तरीसुद्धा चाक निघत नाही. कारण चाकाचे नट जागचे हलत नाहीत. मागील वेळी ज्याने चाक बसविले, त्याने ते अंगातील सर्व जोर लावून आवळलेले असतात. कापलेल्या केळीला थांबायला वेळ नसतो. उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रॉलीतील घड तापतात, खालच्या फण्या दबतात आणि मालाचा दर्जा उतरतो. अशा घाईच्या वेळी चालक पान्याला लांब नळी लावतो, तिच्यावर उभा राहून उड्या मारतो, आणि नट सुटण्याऐवजी पाना निसटून माणूस जायबंदी होतो, किंवा स्टडच तुटून हातात येतो. हे टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी नट कशासाठी आवळायचा, किती आवळायचा आणि अति आवळला गेलाच असेल तर तो कसा सोडवायचा, हे नीट समजून घेतले पाहिजे. ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, पिकअप गाडी व मोटार या सर्वांच्या चाकांना पुढील विवेचन लागू पडते.

नट चाक कसे धरून ठेवतो

बैलगाडीचे चाक आसाच्या टोकाला बसविलेल्या लोखंडी खिळीमुळे जागेवर राहते. ती खीळ चाकास फक्त बाहेर पडू देत नाही. चाक तिच्या आत सैलसर फिरत असते. मोटारीच्या अगर ट्रॅक्टरच्या चाकाची गोष्ट निराळी आहे. तेथे चाकाची पोलादी तबकडी हबवर घट्ट दाबून बसवावी लागते. हबमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांना स्टड म्हणतात. या स्टडवर नट फिरवून आवळला की स्टड अगदी सूक्ष्म प्रमाणात लांबतो. लांबलेले पोलाद पुन्हा मूळ लांबीस येऊ पाहते आणि त्या ओढीमुळे तबकडी हबवर दाबली जाते. गाडीचे वजन व चाकाचा जोर या दाबामुळे उत्पन्न होणाऱ्या घर्षणावर तोलला जातो. थोडक्यात सांगावयाचे तर, आवळलेला स्टड म्हणजे ताणलेली एक मजबूत स्प्रिंगच होय.

कापसाने भरलेल्या गाडीवर नाडा आवळतात, तेव्हा शेतकऱ्याला ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. नाडा सैल असेल तर माल हलतो. नाडा पुरेसा ताणला की माल जखडला जातो. पण तोच नाडा त्याच्या ताकदीपलीकडे ताणला तर त्याचे पीळ उलगडतात, तो लांबतो आणि मग कितीही ओढला तरी पूर्वीसारखा धरत नाही. स्टडचेही असेच आहे. मर्यादेत ताणलेला स्टड ताण काढताच मूळ लांबीस येतो. मर्यादेपलीकडे ताणलेला स्टड कायमचा लांब होतो, त्याची पकड कमी होते व तो मध्येच बारीक होऊन पुढे केव्हातरी तुटतो. म्हणून 'जितका घट्ट तितका बरा' ही समजूत चुकीची आहे. अति तेथे माती ही म्हण चाकाच्या नटासही लागू पडते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नट आवळताना लावलेल्या जोरापैकी फार थोडा भाग, साधारणपणे दहावा हिस्सा, प्रत्यक्ष स्टड ताणण्याच्या कामी येतो. उरलेला सुमारे नऊ दशांश जोर नटाची बैठक व आटे यांच्यातील घर्षणात खर्च होतो. त्यामुळे घर्षण थोडे बदलले तरी परिणाम फार बदलतो. गंजलेल्या आट्यांवर भरपूर जोर लावूनही पकड कमीच राहते. उलट आट्यांना तेल किंवा ग्रीस लावले असेल तर तेवढ्याच जोराने स्टड वाजवीपेक्षा कितीतरी अधिक ताणला जातो. उत्पादकाने दिलेले आवळण्याचे माप बहुधा स्वच्छ व कोरड्या आट्यांसाठी असते. म्हणून माहितीपुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल तर चाकाच्या स्टडला वंगण लावू नये.

जोराचे माप

नट फिरविण्याच्या जोराला पीळजोर म्हणता येईल. पान्याच्या टोकास लावलेला भार आणि नटाच्या मध्यापासून त्या टोकापर्यंतची लांबी यांचा गुणाकार म्हणजे पीळजोर. भार किलोत व लांबी मीटरमध्ये घेतली की पीळजोर किलो-मीटरमध्ये येतो. पुस्तिकांमध्ये तो न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. १ किलो-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. तोंडी हिशेबासाठी न्यूटन-मीटरच्या आकड्यास १० ने भागले तरी चालते.

लहान मोटारींच्या चाकांचे नट साधारणपणे ८ ते १३ किलो-मीटर इतक्या पीळजोराने आवळावयाचे असतात. ट्रॅक्टर व मालमोटारींचे स्टड जाड असल्याने त्यांचे माप याहून बरेच अधिक असते, आणि ट्रॅक्टरच्या पुढील व मागील चाकांसाठीही ते निरनिराळे असते. नेमका आकडा त्या त्या वाहनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

आता एक हिशेब करून पाहू. गाडीसोबत मिळणारा चाकाचा पाना ३५ सेंटिमीटर लांबीचा आहे असे समजा. त्याच्या टोकावर हाताने ३० किलोचा भार दिला, तर पीळजोर ०.३५ × ३० म्हणजे १०.५ किलो-मीटर होतो. लहान गाडीस एवढा पुरेसा आहे. आता त्याच पान्याला नळी लावून लांबी १ मीटर केली आणि ७० किलो वजनाचा माणूस टोकावर उभा राहिला, तर पीळजोर ७० किलो-मीटर होतो. म्हणजे हव्या त्यापेक्षा सहापटींहून अधिक! लहान गाडीचा १२ मिलिमीटर जाडीचा स्टड इतका पीळजोर सोसू शकत नाही. टोकावर उडी मारली, तर क्षणापुरता भार याहूनही वाढतो. नळी लावून आवळण्याची सवय किती घातक आहे, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

नट अति घट्ट का होतात

याची मुख्य कारणे चार आहेत.

पहिले कारण म्हणजे पान्याला नळी लावून किंवा पायाने दाबून आवळणे. चाक निघून पडण्याची भीती असते, म्हणून 'आणखी एक झटका दे' असे म्हणून हे केले जाते.

दुसरे कारण म्हणजे हवेवर चालणाऱ्या गनचा अविचारी उपयोग. पंक्चर काढण्याच्या दुकानात ही गन वेळ वाचविते. परंतु घोडा दाबून धरला की ती नटावर ठोके देतच राहते आणि पीळजोर किती झाला हे हाताला कळत नाही. गन नट सोडविण्यासाठी उत्तम. आवळण्यासाठी मात्र ती फक्त नट बैठकीस लागेपर्यंत वापरावी व पुढील काम हातपान्याने करावे.

तिसरे कारण गंज. हा दोष आवळणाऱ्याचा नव्हे, पण परिणाम तोच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाच्या तबकडीत व नटांभोवती साचून राहतो आणि ओल धरतो. त्यातच केळीच्या पिकास पालाश भरपूर लागत असल्यामुळे ट्रॉलीतून म्युरेट ऑफ पोटॅशसारख्या खतांची वाहतूक वारंवार होते. या खतातील क्लोराइडमुळे लोखंड लवकर गंजते. खत वाहिल्यावर ट्रॉली व चाके पाण्याने धुऊन न टाकल्यास आटे एकमेकांत धरून बसतात.

चौथे कारण म्हणजे चुकीचे अगर खराब झालेले नट. नटाची बैठक कोठे निमुळती, कोठे गोलसर, तर कोठे सपाट वायसरची असते. तबकडीतील भोकाशी न जुळणारा नट बसविला की तो एका कडेवर दाबतो, भोक खराब करतो आणि अडकतो. आटे तिरके चढवून जोराने फिरविलेला नटही असाच अडकून बसतो.

अति आवळण्याचे धोके

रस्त्यात नट न सुटणे हा त्यांतील सर्वांत लहान धोका होय. स्टड कायमचे लांबले की पकड सैल होते. म्हणजे ज्या भीतीने नट आवळला, तीच गोष्ट घडून येते. एक स्टड तुटला की त्याचा भार शेजारच्या स्टडवर पडतो, मग तोही तुटतो, आणि भरधाव वाहनाचे चाक निखळण्याची वेळ येते. लळिंगसारख्या घाटात किंवा वर्दळीच्या महामार्गावर असे झाले तर चालकाच्याच नव्हे, तर समोरून येणाऱ्यांच्याही जिवावर बेतते. नट असमान व अति आवळल्याने तबकडीतील भोके चेपतात, आणि लहान गाड्यांत ब्रेकची तबकडी वाकडी होऊन ब्रेक दाबताना गाडी थरथरते.

घट्ट नट सोडविण्याची रीत

१. *जागा व आधार.* शक्य असेल तर वाहन टणक व सपाट जागी न्यावे. रस्त्यावरच थांबावे लागले तर धोक्याचे दिवे लावावेत, परावर्तक त्रिकोण सुमारे ५० मीटर मागे ठेवावा आणि इतरांना रहदारीपासून दूर उभे करावे. हातब्रेक लावावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि समोरासमोरच्या चाकाला पुढून व मागून दगड लावावेत. दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवू नये. सोडविल्यास ती पुढे अगर मागे कलंडते. भरलेली ट्रॉली जॅकवर उचलणे धोक्याचे आहे. माल शक्य तेवढा उतरवून मगच ती उचलावी.

२. *चाक जमिनीवर असतानाच नट सैल करावेत.* हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. जॅकवर उचललेल्या वाहनावर जोर लावला तर चाक फिरते आणि वाहन जॅकवरून घसरते. म्हणून सर्व नट चाक जमिनीस टेकलेले असतानाच अर्धा ते एक फेरा सैल करावेत, त्यानंतर जॅक लावावा आणि मग नट पूर्ण काढावेत.

३. *सफाई व तेल.* नटाभोवतीची माती खरवडून काढावी. बाहेर आलेल्या आट्यांवरील गंज तारेच्या ब्रशने घासावा. गंज सोडविणारे पातळ तेल आट्यांवर सोडावे व किमान पंधरा ते तीस मिनिटे मुरू द्यावे. असे तेल जवळ नसेल तर डिझेल किंवा रॉकेलही काही अंशी उपयोगी पडते. तेल ब्रेकमध्ये अगर टायरवर जाऊ देऊ नये.

४. *योग्य पाना.* नटाच्या मापाचाच व सहा कोनी तोंडाचा पाना घ्यावा. बारा कोनी किंवा झिजलेल्या तोंडाचा पाना नटाचे कोपरे गोल करतो, आणि एकदा कोपरे गेले की काम दसपट अवघड होते. पान्याचे तोंड नटावर पूर्ण खोल बसले आहे याची खात्री करावी.

५. *फिरविण्याची दिशा पाहावी.* बहुतेक नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतात. परंतु काही जुन्या जीपगाड्या व मालमोटारी यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल्' हे अक्षर कोरलेले दिसल्यास आटे उलटे समजावेत. अशा नटावर नेहमीच्या दिशेने जोर लावणे म्हणजे तो अधिकच आवळणे होय.

६. *जोर लावण्याची पद्धत.* नेहमीच्या आट्यांसाठी पाना असा बसवावा की त्याचा दांडा नटाच्या डावीकडे जमिनीस समांतर येईल. मग दांडा खाली दाबल्यास नट सुटण्याच्या दिशेने फिरतो आणि शरीराचे वजन कामी येते. पाय रोवून दोन्ही हातांनी सावकाश, वाढता दाब द्यावा. झटके देऊ नयेत व दांड्यावर उड्या मारू नयेत. पाना निसटल्यास आपण कोठे पडू, याचा विचार आधीच करावा.

७. *लांब दांडा.* एवढ्याने काम झाले नाही तर लांब व मजबूत दांड्याचा पाना घ्यावा. सोडविताना लांब दांडा वापरण्यास हरकत नाही. आवळताना मात्र तो वापरू नये. नळीच लावावी लागली तर ती जाड, न फुटलेली व बिनजोडाची असावी, आणि पान्याच्या दांड्यावर चांगली खोलवर बसलेली असावी. पान्याचे तोंड व दांडा यांमधील जोड नटापासून बाहेर येत असेल तर त्याखाली लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा. त्यामुळे तोंड तिरके होऊन निसटत नाही. आतील दात्यांच्या योजनेने हाताचा जोर कित्येक पटींनी वाढविणारा पेटीपाना मालमोटारींच्या चालकांजवळ असतो. गावात तो उपलब्ध असल्यास नळीपेक्षा पुष्कळच सुरक्षित होय.

८. *मागे-पुढे करणे.* गंजलेला नट प्रथम अगदी किंचित आवळण्याच्या दिशेने व मग सोडविण्याच्या दिशेने हलवावा. थोडा हलताच पुन्हा तेल सोडावे. पान्याच्या तोंडाच्या टोकावर, स्टडच्या रेषेत, हातोडीचे हलके ठोके दिल्यानेही गंजाची पकड सुटते. ठोके देताना डोळ्यांवर चष्मा असावा.

९. *एकच नट अडला असेल तर* बाकीचे नट पुन्हा बेताने आवळावेत. त्यामुळे त्या एका नटावर आलेला तिरपा भार कमी होतो आणि तो सुटणे सोपे जाते. तो सुटल्यावर इतर नट पुन्हा सैल करावेत.

१०. *नट निघाले, पण चाक निघत नाही* असेही होते, कारण तबकडी हबला गंजाने चिकटलेली असते. अशा वेळी चाकाखाली बसून ओढाताण करू नये. नट दोन-तीन आटे चढवून ठेवावेत, वाहन जमिनीवर उतरवावे आणि हातभर पुढे-मागे करावे. बहुधा चिकट सुटते. मग दगड लावून पुन्हा जॅक लावावा.

काळ्या जमिनीत जॅक लावताना त्याखाली जाड व रुंद फळी ठेवावी. वाफशावरील जमीन वरून टणक दिसली तरी भाराखाली दबते आणि जॅक कलतो. वाहन उचललेले असताना त्याखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. ट्रॅक्टरच्या मागील चाकात पाणी भरलेले असल्यास त्या पाण्याचेच वजन शंभर किलोहून अधिक असू शकते. असे चाक एकट्याने काढण्याचा प्रयत्न करू नये.

हे मात्र कधीही करू नये

नट सुटत नाही म्हणून त्यास गॅसची ज्योत लावून तापविण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. टायर चाकावर असताना ही गोष्ट प्राणघातक ठरू शकते. उष्णतेने टायरमधील हवेचा दाब वाढतो. एवढेच नव्हे, तर आतील रबर तापून त्यातून ज्वलनशील वायू निघतात व टायरचा स्फोट होतो. ज्योत काढून घेतल्यानंतर काही वेळानेही असा स्फोट होऊ शकतो. हवा कमी केलेल्या टायरमध्येही हा धोका पूर्ण टळत नाही. टायर बसविलेल्या रिमवर वेल्डिंग करणे याच कारणाने वर्ज्य आहे. शिवाय तापविल्याने स्टडच्या पोलादाची ताकद कमी होते. तसेच नट छिन्नीने तोडण्याचा खटाटोप रस्त्याच्या कडेला करू नये. कोपरे गोल झालेला नट काढण्यासाठी कारागिराजवळ खास पाने असतात.

सर्व उपाय करूनही नट हलला नाही, तर हट्ट सोडावा. दुसरे वाहन बोलावून माल हलवावा आणि मग कारागीर आणावा. केळीच्या एका ट्रॉलीचे मोल माणसाच्या हातापायाहून अधिक नाही.

चाक पुन्हा बसविताना

ज्या नटासाठी फार जोर लावावा लागला, त्याचा स्टड पुन्हा वापरण्यापूर्वी नीट पाहावा. नवा नट त्यावर बोटांनी शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. मध्येच अडकत असेल, आटे विरळ झालेले दिसत असतील, किंवा स्टड मध्ये बारीक झाला असेल, तर तो बदलावा. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टडही बदलावेत. दोन किंवा अधिक तुटले असतील तर त्या चाकाचे सर्व स्टड बदलणे शहाणपणाचे ठरते.

तबकडी व हब यांचे एकमेकांस टेकणारे पृष्ठभाग गंज, माती व रंगाचे पापुद्रे काढून स्वच्छ करावेत. मध्ये घाण राहिली तर ती पुढे दबून जाते आणि नट आपोआप सैल होतात. सोडविताना वापरलेले तेल कापडाने पूर्ण पुसून काढावे. मग सर्व नट प्रथम हाताने चढवावेत. त्यानंतर ते शेजारी-शेजारी न आवळता समोरासमोर आवळावेत. पाच स्टडच्या चाकास १, ३, ५, २, ४ असा क्रम घ्यावा; सहा किंवा आठ स्टडच्या चाकास समोरासमोरच्या जोड्या घ्याव्यात. एकाच वेळी पूर्ण जोर न लावता दोन-तीन टप्प्यांत आवळावे आणि अखेरचा टप्पा चाक जमिनीस टेकल्यावर पुरा करावा.

अखेरचे माप साधण्यास माप दाखविणारा टॉर्क पाना उत्तम. तो नसेल तर शेतकऱ्याजवळील टांगत्या स्प्रिंगकाट्याचा उपयोग करता येतो. पान्याच्या दांड्यास काट्याची आकडी अडकवावी, नटाच्या मध्यापासून आकडीपर्यंतचे अंतर मोजावे आणि दांड्याशी काटकोनात ओढावे. हवा असलेला पीळजोर १२ किलो-मीटर व अंतर ६० सेंटिमीटर असेल, तर १२ भागिले ०.६० म्हणजे काट्यावर २० किलो दिसेपर्यंत ओढावे. २५ किलो-मीटर हवा असेल व दांडा १ मीटर लांब असेल, तर २५ किलो दिसेपर्यंत ओढावे. ओढ तिरकी झाली तर हिशेब चुकतो. ही रीत टॉर्क पान्याइतकी अचूक नाही. तथापि अंदाजापेक्षा ती निश्चितच बरी.

नवे बसविलेले चाक ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर, व ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बाबतीत दोन-चार तासांचे काम झाल्यावर, नट पुन्हा त्याच मापाने तपासावेत. अशी तपासणी ठेवली की सुरुवातीस अति आवळण्याची गरजच उरत नाही.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय तोंडी सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष करून दाखवावा. मृगबाग व कांदेबाग केळीच्या कापणीपूर्वी, तसेच कापूस वेचणी सुरू होण्याच्या सुमारास, गावातील ट्रॅक्टरमालक, चालक व पंक्चर काढणारे कारागीर यांना एकत्र बोलवावे. एका ट्रॉलीचे चाक सर्वांसमक्ष काढावे, स्प्रिंगकाट्याने पीळजोर मोजून दाखवावा आणि नेहमीच्या सवयीने आवळलेला नट सोडविण्यास किती भार लागतो, तो फळ्यावर लिहावा. आकडा डोळ्यांसमोर आला की वाद उरत नाही. शेतकरी गटाने किंवा गावातील अवजारे सेवा केंद्राने मिळून एक टॉर्क पाना घेतला, तर एकावर खर्चाचा बोजा पडत नाही. प्रत्येक वाहनाच्या नटांचे माप पुस्तिकेतून काढून ते तेलरंगाने मडगार्डच्या आतील बाजूस लिहून ठेवावे. म्हणजे परक्या गावच्या कारागिरालाही ते दिसेल. पंक्चर काढणाऱ्यास गाडीमालकाने एवढेच सांगावे, 'भाऊ, गनने फक्त टेकव, आवळणे हातपान्याने होऊ दे.'

उजळणीसाठी प्रश्न

१. अति आवळलेल्या नटामुळे चाकाची पकड कमी कशी होते?
२. आट्यांना ग्रीस लावून पूर्वीच्याच जोराने नट आवळला तर काय होईल?
३. चाक जॅकवर उचलण्यापूर्वीच नट सैल का करावेत?
४. पीळजोर १८ किलो-मीटर हवा आहे व पान्याचा दांडा आकडीपर्यंत ७५ सेंटिमीटर आहे. स्प्रिंगकाट्यावर किती किलो दिसले पाहिजेत? (उत्तर : २४ किलो)
५. टायर बसविलेले चाक तापविण्यात कोणता धोका आहे?

माप ठेवून आवळलेला नट वाटेत सैल होत नाही आणि अडचणीच्या वेळी हाताला सुटतो. पुढील फेरी निघण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने आपल्या ट्रॉलीचे नट एकदा सोडवून, स्वच्छ करून, योग्य मापाने पुन्हा आवळून ठेवावेत. घरच्या अंगणात सावलीत केलेले हे अर्ध्या दिवसाचे काम भर उन्हात रस्त्यावर होणारा खोळंबा टाळील.